अपूर्णतेतील श्रद्धा : 'स्मृतिचित्रे' आणि 'ख्रिस्तायन' यांच्या संदर्भात

प्रस्तावना

मावळ तालुक्यातील भंडारा डोंगर हे संत तुकारामांच्या चिंतनाचे स्थान म्हणून वारकरी परंपरेत पूज्य मानले जाते. लोणावळ्याच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी मावळातून वाहत देहूस जाते आणि तिच्याच डोहात तुकोबांच्या अभंगांच्या वह्या बुडविल्या गेल्या, अशी कथा परंपरेने जपली आहे. वह्या तरल्या, हा त्या कथेचा शेवट सर्वांच्या स्मरणात असतो. वह्या वर येण्यापूर्वी नदीकाठी निराहार काढलेल्या तेरा दिवसांचा विचार मात्र फारसा केला जात नाही. त्या तेरा दिवसांत देवाने काहीही दिलेले नव्हते. तरीही भक्त उठून गेला नाही. श्रद्धेची खरी परीक्षा चमत्काराच्या क्षणी होते की त्याआधीच्या या रिकाम्या दिवसांत, हा प्रश्न ती कथा उभा करते.

हा प्रश्न येथे मराठी ख्रिस्ती साहित्याच्या संदर्भात उपस्थित करण्याचे कारण असे की, रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे म्हणत असत. हे विधान मराठी समीक्षेत वारंवार उद्धृत होते. त्याचा अर्थ बहुधा असा लावला जातो की, टिळकांनी ख्रिस्ती आशयासाठी अभंगाचा छंद व भक्तीची परिभाषा स्वीकारली. हा अर्थ चुकीचा नाही, परंतु तो अपुरा आहे. तुकोबांच्या अभंगांत देवाशी भांडण आहे, रुसवा आहे, 'अजून का येत नाहीस' ही तक्रार आहे. उत्तर न मिळालेल्या अवस्थेत टिकून राहण्याचा तो भक्तिमार्ग होय. टिळकांच्या घरात हा वारसा कोणाकडे आला, असा प्रश्न केला, तर टिळकांइतकेच, किंबहुना काहीसे अधिक, लक्ष्मीबाई टिळकांचे (१८६८–१९३६) नाव घ्यावे लागते. प्रस्तुत लेखात लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मकथन आणि टिळकांनी आरंभून अर्धवट सोडलेले 'ख्रिस्तायन' या दोन ग्रंथांच्या आधारे अपूर्णतेत टिकणाऱ्या श्रद्धेचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

साक्ष आणि स्मृतिचित्र

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती गद्यात धर्मांतराच्या कथनाचा एक साचा तयार झालेला दिसतो. बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र त्याचे ठळक उदाहरण होय. शीर्षकातच काळोख, पहाट आणि प्रकाश असा क्रम सूचित झाला आहे. पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेली 'साक्ष'ही शोध, संभ्रम आणि प्राप्ती या क्रमानेच पुढे सरकते. मात्र रमाबाईंच्या प्रामाणिक बुद्धीमुळे तो क्रम तितकासा सुबक राहिलेला नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही खरी आध्यात्मिक प्रचीती आपल्याला काही वर्षांनी आली, असे त्या मोकळेपणाने सांगतात. ख्रिस्ती मंडळीत 'साक्ष देणे' म्हणजे देवाने आपल्या जीवनात केलेल्या कार्याची चारचौघांत कबुली देणे. अशा कथनाला स्वाभाविकपणे शेवट लागतो. अनुभव पूर्ण झाल्याखेरीज साक्ष देता येत नाही.

'स्मृतिचित्रे' या साच्यात बसत नाही. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे नावच मुळी चित्रांच्या मालिकेचे आहे, मार्गक्रमणाचे नव्हे. धर्मांतर ग्रंथाच्या मध्यावर येते आणि त्यानंतर काहीच सुरळीत होत नाही. पैसा टिकत नाही, घर एका ठिकाणी राहत नाही, आजार व साथी पाठ सोडत नाहीत. पतिपत्नींचे वादही पूर्वीसारखेच चालू राहतात. ख्रिस्ती झाल्यामुळे टिळकांचा स्वभाव बदलला आणि संसार सुखाचा झाला, असे एखाद्या प्रचारपुस्तिकेला शोभणारे विधान लक्ष्मीबाई कोठेही करीत नाहीत. तशी अपेक्षा वाचकाने धरली असेल, तर त्याची निराशा होईल याची त्यांना जणू पर्वाच नाही.

याच काळातील दुसऱ्या एका आत्मकथनाशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी' (१९१०) हे पुस्तक पतीच्या थोरवीच्या छायेत उभे आहे. तेथे पत्नीचा संशय आदरात विरून जातो. लक्ष्मीबाई मात्र पतीचा उल्लेख सर्वत्र 'टिळक' असा करतात. त्या एका शब्दात आदर आहे, कौतुक आहे आणि आवश्यक तेवढे अंतरही आहे. ज्याच्यावर विश्वास ठेवला त्या माणसाचे सर्व दोष पाहूनही विश्वास न सोडणे, हा 'स्मृतिचित्रे'मधील दाम्पत्याचा पाया होय. तोच त्यांच्या ईश्वरविषयक श्रद्धेचाही पाया आहे, असे येथे सुचवावयाचे आहे.

सोवळे सुटण्याचा काळ

टिळकांचा ख्रिस्ताकडे वळण्याचा प्रवास सुपरिचित आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही कथा जितकी गोळीबंद तितकीच तिची दुसरी बाजू विस्कटलेली आहे. त्या दोन वर्षांच्या भाकितात लक्ष्मीबाईंना जागा नव्हती. बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षे पतिपत्नी दुरावलेली राहिली. लहान मुलाला घेऊन लक्ष्मीबाई जलालपूर, पंढरपूर अशा ठिकाणी नातलगांच्या आश्रयाने दिवस काढीत होत्या. पती जिवंत असूनही नसल्यासारखा, सौभाग्य असूनही समाजाच्या लेखी संशयास्पद, अशी ही अवस्था होती. 'स्मृतिचित्रे'मधील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच होय. या विरहाच्या वर्णनात लक्ष्मीबाई स्वतःच्या दुःखाला अलौकिक अर्थ देत नाहीत. 'देवाने ही परीक्षा अमुक हेतूने घेतली', असे नंतर सुचलेले समाधान त्या मागे जाऊन त्या काळावर चिकटवीत नाहीत. ग्रंथ लिहिताना त्या ख्रिस्ती होऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता. असे समाधान जोडणे त्यांना सहज शक्य होते आणि त्यांच्या वाचकवर्गातील एका भागाला ते आवडलेही असते. हा संयम वाङ्मयीन तर आहेच, परंतु तो धार्मिक प्रामाणिकपणाचाही भाग आहे.

पुन्हा एकत्र आल्यानंतरही लक्ष्मीबाई लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात न घेणाऱ्या वडिलांच्या सोवळ्याचे संस्कार घेऊन त्या वाढल्या होत्या. ख्रिस्ती पतीच्या घरात त्यांनी आपले खाणेपिणे निराळे ठेवले. पतीचा देव एक, पत्नीची चूल दुसरी, आणि तरीही संसार एक अशी ही मधली अवस्था होती. तर्काच्या दृष्टीने ती टिकणारी नव्हती, परंतु माणसे अशाच अवस्थांत वर्षानुवर्षे राहतात. जातिभेदाविषयीचे त्यांचे मन पालटले ते कोणाच्या प्रवचनाने नव्हे. हे भेद देवाने केले की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच केला आणि आपल्याच साध्या, व्यवहारी तर्काने त्याचे उत्तर काढले. नंतर, १९००च्या सुमारास, त्यांनी मुलासह बाप्तिस्मा घेतला. ग्रंथात बाप्तिस्म्याच्या विधीपेक्षा सोवळे गळून पडण्याच्या या प्रक्रियेला अधिक वजन आहे, ही बाब लक्षणीय होय. धर्मांतराच्या सामाजिक इतिहासाचे अभ्यासक बाप्तिस्म्याची तारीख नोंदवितात आणि पुढे जातात. लक्ष्मीबाईंच्या लेखी तारखेच्या आधीची ती संदिग्ध वर्षेच अधिक बोलकी आहेत.

टिळकांनीही पत्नीवर सक्ती केली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. एरवी उतावीळ, तापट आणि एका झटक्यात निर्णय घेणारा हा पुरुष या एका बाबतीत थांबून राहिला.

संसाराचा पसारा

अहमदनगर व राहुरी येथील वर्षांचे चित्रण हा 'स्मृतिचित्रे'चा सर्वांत समृद्ध भाग आहे. घरात आपली मुले, दुसऱ्यांची मुले, दुष्काळात वा साथीत पोरकी झालेली मुले, विद्यार्थी, पाहुणे आणि कवी यांची सतत वर्दळ असे. टिळकांच्या हातात आलेला पैसा गरजूच्या हातात जाण्यास वेळ लागत नसे, आणि मग घर चालविण्याचे कोडे लक्ष्मीबाईंपुढे येई. या प्रसंगांतील विनोद मराठी वाचकांना पिढ्यान्‌पिढ्या आवडत आला आहे. परंतु विनोदाच्या आवडीमुळे एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. हा विनोद तक्रारीच्या जागी येतो. ज्या ठिकाणी 'साक्ष' देणारी व्यक्ती ईश्वरी योजनेचा उल्लेख करील, त्या ठिकाणी लक्ष्मीबाई हसतात. उद्याची सोय माहीत नसताना हसणे हा विश्वासाचाच एक प्रकार आहे. तो धर्मशास्त्राच्या परिभाषेत सांगितलेला नाही, एवढेच.

बालकवींचा प्रसंग या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात गाजलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे पुढे अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागविले. त्यांचे रुसवेफुगवे, लहरी आणि भोळेपणा 'स्मृतिचित्रे'त वात्सल्याने येतात. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवींचा मृत्यू झाला, तेव्हा ते तिशीचेही नव्हते. टिळक दांपत्याने जोपासलेले हे एक अपुरे राहिलेले आयुष्य होय. सुमारे वर्षभरानंतर, ९ मे १९१९ रोजी, टिळकही मुंबईत निवर्तले. या दोन मृत्यूंना जोडणारा एखादा सांत्वनपर अर्थ ग्रंथात शोधू गेल्यास तो हाती लागत नाही.

टिळकांच्या अखेरच्या पर्वाचेही तसेच आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाधारित सेवेतून मुक्त होऊन साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, ही कल्पना त्यांच्या काळाच्या पुष्कळ पुढची होती. चर्चच्या उंबरठ्यावर थांबलेल्या माणसालाही भक्त मानण्याचे धाडस तीत होते. हा दरबार पुरता उभा राहण्यापूर्वीच टिळक गेले. अनेक अभ्यासकांनी या प्रयोगाची गणना अयशस्वी उपक्रमांत केली आहे. संस्थात्मक यशाच्या मापाने तो निर्णय बरोबर ठरेल. तथापि, ज्या गृहस्थाच्या स्वतःच्या घरात एकेकाळी बाप्तिस्मा घेतलेला पती आणि न घेतलेली पत्नी एकत्र नांदत होती, त्याने अखेरीस हीच रचना धर्ममंडळीसाठी योजावी, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. 'देवाचा दरबार' ही संकल्पना त्या दोन चुलींच्या घराशी जोडून अद्याप कोणी तपासलेली दिसत नाही.

'स्मृतिचित्रे'चे उत्तरार्धातील भाग पूर्वार्धाइतके रसरशीत उतरलेले नाहीत, हेही मान्य करावयास हवे. टिळकांच्या निधनानंतर कराचीपर्यंत झालेल्या वाटचालीत प्रसंग भराभर येतात आणि जातात. टिळकांशी होणारा वादसंवाद हा या गद्याचा प्राणवायू होता आणि तो नाहीसा झाल्याचे जाणवत राहते. विश्वासाच्या स्वरूपाविषयीची उत्सुकता घेऊन वाचणाऱ्यास मात्र हा निस्तेजपणाही काही सांगतो. वैधव्य, वय आणि परगाव या अवस्थेचे त्यांनी गौरवीकरण केले नाही.

दोन इंग्रजी शीर्षके

या ग्रंथाच्या स्वीकाराचा इतिहास त्याच्या इंग्रजी अनुवादांच्या शीर्षकांतून चांगला वाचता येतो. ई. जोसेफाइन इंकस्टर यांचा अनुवाद १९५० मध्ये 'आय फॉलो आफ्टर' या नावाने प्रसिद्ध झाला. वरवर पाहता हे नाव पतीच्या पाठोपाठ जाणाऱ्या पत्नीचे वाटते. आधुनिक वाचकास ते खटकलेही असेल. परंतु किंग जेम्स बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील बाराव्या वचनात नेमके हेच तीन शब्द आहेत. तेथे पौल आपण अद्याप पूर्णत्वास पोहोचलो नसल्याची कबुली देतो आणि तरीही मागे लागून धावत असल्याचे सांगतो. हा संदर्भ ध्यानात घेतला की अनुगमन पतीचे राहत नाही. ते अद्याप हाती न आलेल्या गोष्टीचे होते. लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेचे वर्णन करण्यास याहून नेमके शब्द मिळणे कठीण आहे.

शांता गोखले यांच्या २०१७ मधील अनुवादाने मूळ मराठी नाव कायम ठेवून त्यास 'द मेम्वार्स ऑफ अ स्पिरिटेड वाइफ' असे उपशीर्षक जोडले. लक्ष्मीबाईंचा तेजस्वी स्वभाव, त्यांची स्वतंत्र बुद्धी यांना या शीर्षकाने न्याय मिळतो आणि स्त्रीवादी वाचनाला ते अनुकूलही आहे. मधल्या सदुसष्ट वर्षांत शीर्षकातून श्रद्धा बाहेर गेली, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे. हा दोष अनुवादिकेचा नव्हे. मराठी वाचनव्यवहारानेच तो आधी घडविला होता. पाठ्यपुस्तकांतून आणि वर्गाध्यापनातून 'स्मृतिचित्रे'चे बहुधा विनोदी, घरगुती उतारे निवडले जातात. धर्माचा विषय आला की अध्यापक आणि विद्यार्थी दोघेही अवघडतात. 'धर्मांतर' हा शब्द अलीकडे इतका तापलेला आहे की, एका बाईने चूल निराळी ठेवून, प्रश्न विचारीत, सावकाश आपला देव शोधला, ही गोष्ट शिकवावी कशी, असा पेच पडतो. परिणामी ती शिकविलीच जात नाही. मराठी ख्रिस्ती साहित्य हा एका लहान समाजाचा खासगी व्यवहार ठरून मुख्य प्रवाहातील 'स्मृतिचित्रे' धर्मनिरपेक्ष विनोदाचा ग्रंथ बनते. या वाटणीत नुकसान दोन्ही बाजूंचे आहे.

अपुरे 'ख्रिस्तायन'

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची पहिली आवृत्ती १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापली गेली. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ एका कवीच्या हातून पूर्णत्वास गेला. टिळकांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' हाती घेतले, तेव्हा ही परंपरा त्यांच्यामागे होती. मात्र त्यांच्या हातून दहाएक अध्यायच झाले. त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय लिहिले.

या आकड्यांकडे पुन्हा पाहावे. जिला शाळेचे शिक्षण जवळजवळ मिळालेच नाही, जिची अक्षरओळख पतीने करून दिली, त्या स्त्रीने पतीच्या दहा अध्यायांपुढे चौसष्ट अध्यायांची भर घातली. काव्यगुणांच्या दृष्टीने टिळकांचा संस्कृतप्रचुर डौल या उत्तरभागात नाही, असे म्हणता येईल. लक्ष्मीबाईंची ओवी घरगुती वळणाची आहे. परंतु 'पूर्ण करणे' या शब्दाने या कामाचे वर्णन करणे अपुरे ठरते, कारण जे पूर्ण केले त्याचा फार मोठा भाग मुळात तिचाच आहे. असे असूनही वाङ्मयेतिहासात 'ख्रिस्तायन' टिळकांच्या नावाखाली येते आणि लक्ष्मीबाईंचा उल्लेख पुरवणीसारखा केला जातो.

येथे आणखी एक बारकावा आहे. लक्ष्मीबाईंचा विश्वास केवळ ख्रिस्तावर नव्हता. टिळकांनी सुरू केलेले काम चालविण्यायोग्य आहे, यावरही तो होता. या पतीने आयुष्यभर अनेक कामे उत्साहाने आरंभून सोडली होती. नोकऱ्या, नियतकालिके, गावे, इतकेच काय, ख्रिस्ती होण्यापूर्वी स्वतःचा एक नवा धर्म काढण्याची कल्पनाही त्यांच्या मनात येऊन गेली होती. या अर्धवट कामांचा जाच लक्ष्मीबाईंनी सोसला होता आणि त्यावर मनमुराद हसूही केले होते. त्याच कामांपैकी शेवटचे, सर्वांत अवघड काम त्यांनी उतारवयात पदरात घेतले. भांडण मिटले होते म्हणून त्यांनी ते घेतले, असे मानण्यास 'स्मृतिचित्रे'त आधार नाही. ज्या वर्षांत त्या 'ख्रिस्तायन'साठी ओव्या रचीत होत्या, त्याच आयुष्याच्या अखेरीस त्या टिळकांचे दोष गद्यात नोंदवीतही होत्या. एका हाताने पतीचे महाकाव्य पुढे नेणे आणि दुसऱ्या हाताने पतीचा विक्षिप्तपणा लिहून ठेवणे, या दोन क्रियांत त्यांना विसंगती वाटली नाही. 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते छापील रूपात पाहण्यास दोघांपैकी कोणीही हयात नव्हते.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे निधन झाले, तेव्हा 'स्मृतिचित्रे'चे कथनही त्यांच्या हातून पुरे झालेले नव्हते. तो राहिलेला भाग पुत्र देवदत्त नारायण टिळक यांनी लिहिला. आईच्या बोलीचा ठसका त्यांच्या गद्यात नाही आणि त्यांनी तो आणण्याचा प्रयत्नही केलेला नाही.